बारा नंबरची बाटली

आठ महिन्यांत एकही बाटली काळी पडली नव्हती, आणि म्हणूनच बाटलीबाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

आता सगळं चांगलं चाललंय म्हटल्यावर माणसाने सुखाने दोन घास खावेत. पण तीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाला फार चांगलं सोसत नाही. घरात दंगा करणारी मुलं एकाएकी गप्प झाली की आई हातातलं काम टाकून बघायला जाते, तसं तिचं झालं होतं.

बाटलीबाई म्हणजे पाणीखात्याच्या प्रयोगशाळेतली बाई. हजेरीपटावर तिचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतंच. प्रयोगशाळा हाही तसा मोठाच शब्द. पंपघराच्या मागे दोन खोल्या. एकीत मोरी, दगडी ओटा आणि सदा कुरकुरणारा फ्रीज. दुसरीत टेबल, फायलींचं कपाट आणि कोपऱ्यात उबेची पेटी. त्या पेटीत बाईचा जीव. वीज गेली तर आधी ती पेटीकडे धावायची आणि मग मेणबत्तीकडे.

काम साधं होतं. शहरात बारा नळ नेमून दिलेले होते. एक नंबरचा पंपघराच्या फाटकाशी, आणि पाइप जसजसा लांब जाईल तसतसे पुढचे नंबर. बारावा टेकडीवरच्या शेवटच्या वसाहतीत. दर गुरुवारी सकाळी या बारा नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं. बाई त्यातलं थोडं काचेच्या नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी व्हायचं. भरपूर असेल तर गडद, कमी असेल तर फिकट. उरलेलं पाणी ती दुसऱ्या औषधाच्या छोट्या बाटलीत भरून उबेच्या पेटीत ठेवायची. पाण्यात घाण मिसळलेली असली की दोन दिवसांत ती बाटली काळी पडायची. शनिवारी रिपोर्ट, रिपोर्टखाली बाईची सही, आणि तो कागद ज्या त्या वसाहतीच्या फलकावर.

पूर्वी वर्षाकाठी सात-आठ बाटल्या काळ्या पडायच्याच. जुने पाइप, शेजारून गेलेलं गटार, कुठे ना कुठे दोघांची गाठ पडायची. मग बाई फोन फिरवायची, खात्याची माणसं फावडी घेऊन पळायची आणि साहेब कपाळाला हात लावायचा. असं पंचवीस-तीस वर्षं सुरळीत चाललं होतं.

मग कंपनी आली. कंपनीचा करार बाईने वाचला होता. ऑफिसात तो शेवटच्या पानापर्यंत वाचलेली बहुधा ती एकटीच. पाइपांची देखभाल कंपनीकडे, आणि बाटल्या भरून आणणंही कंपनीकडेच. आणलेल्या प्रत्येक बाटलीचे पैसे कंपनीला मिळणार. आणि बाटली काळी निघाली तर देखभालीत कसूर झाली म्हणून दंडही कंपनीलाच बसणार.

"साहेब," बाई म्हणाली होती, "ज्याने परीक्षा द्यायची त्यालाच सांगताय की तुझा पेपर तूच लिहून आण, आणि नापास झालास तर दंड भर. कोण मेला नापास होईल?"

"बाई, तुम्हाला ना, चांगलं बघवतच नाही," साहेब म्हणाला. "पूर्वी वर्षाला आठ काळ्या, आता शून्य. वर खर्च कमी. ह्यालाच सुधारणा म्हणतात."

"थर्मामीटर फोडला की तापही दिसत नाही, साहेब."

साहेब हसला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं एकच धोरण त्याने आयुष्यभर इमानेइतबारे पाळलं होतं. पुढच्या वर्षी प्रयोगशाळाही कंपनीकडेच द्यायचं घाटतंय, हे त्याने बाईला खिडकीबाहेर बघत सांगितलं.

कंपनीतर्फे बाटल्या आणायचा तो हेल्मेट. म्हणजे माणूसच, पण डोक्यावरचं हेल्मेट तो कधी काढत नसे, म्हणून बाईने ठेवलेलं नाव. गुरुवारी दहाच्या ठोक्याला स्कूटर यायची, जाळीचा खोका ओट्यावर आदळायचा, "मॅडम, सही," असा काचेआडून आवाज यायचा आणि स्कूटर गेलीसुद्धा. बसायचं नाही, चहा नको, पाणी नको. पाणी आणणारा माणूस पाणी पीत नाही, हेही बाईने मनात टिपून ठेवलं होतं.

पण तिचा खरा संशय गुलाबी रंगावरून सुरू झाला. पाणी चालून चालून दमतं, असं तिचा नवरा म्हणायचा. फाटकाशी निघालेलं क्लोरीन टेकडी चढेपर्यंत थकतं. त्यामुळे एक नंबरची नळी गडद, सहा नंबरची मध्यम, बारा नंबरची अगदी जेमतेम रंगाची, ही उतरंड तिला तोंडपाठ होती. हेल्मेटच्या बाराही बाटल्या सारख्याच गडद. आधी तिला वाटलं, आपलं औषध बिघडलं. नवी बाटली फोडली, तरी तेच. पाणी टेकडी चढूनही न दमता आल्यासारखं टवटवीत. कुठेतरी पाणी मुरतंय, हे कळायला आणखी काय लागतं?

पाणी दमतं म्हणणारा नवरा स्वतः खात्याचा नमुनेवाला होता. सव्वीस वर्षं त्याने स्कूटरवर जाळीचा खोका बांधून बाराही नळांची वारी केली. दोघांची ओळखही याच दगडी ओट्यापाशी झाली. कंपनी आली त्याच महिन्यात तो निवृत्त झाला. त्याच्या बाटलीवर बाई डोळे मिटून सही करायची. त्याची बारा नंबरची बाटली तर तिची लाडकी. रंग फिकट, पण कधी म्हणजे कधीच काळी न पडणारी. "शहाणी पोर आहे ही," ती म्हणायची. बुधवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत एक भरलेली बाटली उघड्या तोंडाने ठेवी. "अहो, झाकण लावा, पाल पडेल," ती ओरडायची. "लागू दे जरा हवा," तो म्हणायचा. नव्या बाटलीचा वास जावा म्हणून पाणी भरून ठेवत असेल, असं समजून ती भांडी आवरायला लागायची.

आता तिने घरी हेल्मेटचा विषय काढला की हाच माणूस वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचा.

"सोड ना. आपण निवृत्त झालो."

"तुम्ही झालात. मी नाही."

"मग जरा दमाने घे. वाऱ्याशी भांडतेस."

एरवी पाण्यावर तासभर बोलणारा हा माणूस ताकास तूर लागू देईना. आपल्या जागी परका आला हे लागलं असेल मनाला, असं म्हणून बाईने ते सोडून दिलं.

सोडता आलं नाही ते लेकीमुळे. लेक दोन वर्षांपूर्वी शेवटच्या वसाहतीत राहायला गेली होती. जावयाने तिथे दोन खोल्यांचं घर घेतलं, तेव्हा बाईनेच भरीला घातलं होतं. "पाण्याची काळजी नको. बारा नंबर आजवर कधी बिघडला नाही." नवरा तेव्हा काही बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी जाऊन लेकीसाठी एक मोठा महागाचा फिल्टर घेऊन आला होता. लेकीला आता सातवा महिना होता. कंपनीला कागद चिकटवायला माणूस परवडत नसल्यामुळे शेवटच्या वसाहतीच्या फलकावर दर आठवड्याला रिपोर्ट लावायचं काम तीच हौसेने करायची.

त्या शुक्रवारी तिचा फोन आला.

"आई, गल्लीत तिसरी कावीळ निघाली. शेजारच्या काकूंच्या सुनेला तर काल हॉस्पिटलात नेलं. तिलाही पाचवा महिना आहे गं."

"तू पाणी कुठलं पितेस?"

"नळाचंच की. लोक घाबरलेत, पण मी सगळ्यांना सांगितलं, बिनधास्त प्या, रिपोर्टवर माझ्या आईची सही आहे."

बाईने हातातलं काम तिथेच टाकलं. 

"उकळून पी. आजपासून, आत्तापासून. गल्लीत पण सांग."

"तू पण बाबांसारखीच! तेही दर फोनला विचारतात, फिल्टर लावला का, फिल्टर लावला का. अजून खोक्यात आहे गं, माळ्यावर."

रविवारी बाई स्वतः निघाली. पिशवीत चार धुतलेल्या बाटल्या घेतल्या. नवऱ्याला चला म्हटलं तर त्याचा गुडघा दुखत होता. सकाळपर्यंत दुखत नव्हता, हेही तिने पाहिलं. शेवटच्या थांब्यावर उतरून ती टेकडी चढली, लेकीच्या घरात चपला काढायच्या आधी तिने लेकीला उजेडाला उभं केलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. डोळा पांढरा होता. बाईने तिथेच उंबऱ्यावर बसकण मारली, आणि मागितलेलं पाणी हातात आल्यावर ते तसंच मोरीत ओतून दिलं.

मग ती बारा नंबर शोधायला गेली. 'शेवटची वसाहत, शाळेची कुंपणभिंत, फाटकाच्या उजव्या हाताला.' हा पत्ता तिने हजारदा लिहिला होता, पण नळ पाहत होती पहिल्यांदाच. तिचं काम ओट्यापाशी, नळापाशी जायचं काम नवऱ्याचं. भिंत निळी रंगवलेली होती आणि भिंतीबरोबर नळही. रंगाचे तीन-चार थर चढून चावी जागेवरच थिजली होती. तोंडात मातीचं घर होतं, कुठल्यातरी किड्याने बांधलेलं. बाईने चावीला हिसका दिला, तर रंगाची खपली तेवढी हातात आली.

"त्याला काय पाणी येतंय?" मागून आवाज आला. शेजारच्या काकू. सून हॉस्पिटलात, मुलगा तिच्यापाशी, म्हातारी एकटी दारात बसलेली. "भिंत नवी बांधली ना, तेव्हाच पाइप तुटला. माझा नातू, लेकीचा मुलगा, पहिलीत होता तेव्हा. आता कॉलेजात जातो. अकरा वर्षं झाली."

"पण काकू, दर आठवड्याला बाटली भरायला माणूस येत असेल ना? हेल्मेटवाला?"

"नाही बाई."

"त्याच्या आधी? स्कूटरवर, मागे जाळीचा खोका बांधलेला?"

"अगं, मी दिवसभर ह्या दारातच बसलेली असते. मांजर गेलं तरी मला कळतं. इथे कोण्णी कधी आलं नाही."

नळ कोरडा म्हणून शेजारच्या एखाद्या घरातून भरून नेत असतील, बाईने स्वतःला समजावलं. माणूस शिस्तीचा. खालच्या गल्लीतून नेत असतील, म्हातारीला काय दिसतंय. असं बरंच काही समजावत तिने लेकीच्या मोरीतल्या नळाखाली चारही बाटल्या भरल्या आणि घरी न जाता थेट पंपघर गाठलं.

थेंब टाकले तेव्हा पाणी गुलाबी झालंच नाही. फिकटसुद्धा नाही. मंगळवारी सकाळी उबेची पेटी उघडली, तर चारही छोट्या बाटल्या काळ्याकुट्ट.

त्यातली एक तिने साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"ही कुणी आणली?" साहेबाने विचारलं.

"मी. शेवटच्या वसाहतीतून."

"मग ही बाटली नाही. करारात नमुना म्हणजे कंपनीने आणलेला, नेमलेल्या नळावरचा."

"साहेब, काळी आहे ती! डोळ्यांनी बघा तरी."

"मला दिसतेय. कागदाला दिसत नाही." साहेबाने बाटली बोटाने थोडी लांब सारली. "कंपनीला सांगू, बारा नंबरवरून परत आणा म्हणून."

"बारा नंबर अकरा वर्षं कोरडा आहे, साहेब. ही माणसं आठ महिने आपल्याला फसवताहेत."

साहेबाने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, कीव होती, आणि तीच बाईला खुपली.

"अकरा वर्षं म्हणालात ना? कंपनी आठ महिन्यांपूर्वी आली." तो हळू आवाजात म्हणाला. "बाई, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका. घरी जा."

बाई घरी गेली, पण नवऱ्याला काही विचारलं नाही. दोन दिवस ती त्याच्याकडे नुसती पाहत होती. तो चहात साखर ढवळताना, वर्तमानपत्राची घडी घालताना, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा राहताना. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने त्याला असं चोरून पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तरी नजर हटत नव्हती.

गुरुवारी दहा वाजता हेल्मेट आला. बाईने दार आतून लावून घेतलं आणि दारालाच पाठ टेकून उभी राहिली.

"हेल्मेट काढा."

"मॅडम, घाई आहे."

"काढा म्हणते ना!"

त्याने काढलं. आत पन्नाशीचा, केस पिकलेला, घामाने थबथबलेला माणूस निघाला. बाईने आठ महिने मनात एक निर्ढावलेला चेहरा रंगवून ठेवला होता. तो हा नव्हता.

"ह्या बाराही बाटल्या एकाच नळाच्या. बरोबर?"

त्याने हेल्मेट खोक्याशेजारी ठेवलं. मग म्हणाला, "फाटकाजवळच्या. एक नंबरच्या. मॅडम, तीन शहरांचं काम आहे माझ्याकडे. दिवसाला साठ बाटल्या, आणि एक स्कूटर. टेकडी चढून आलो तर पुढच्या वीस बाटल्या राहतात. राहिल्या की माझे कापतात."

"अहो, लोक पितात ते पाणी! काविळी निघाल्यात तिथे. जनाची नाही तर मनाची तरी?"

"होती ना," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी होती. पंधरा दिवस तुमच्या आधीच्या नमुनेवाल्या काकांनी मला सगळं फिरून दाखवलं. अकरा नळ दाखवले. बारावा कुठे म्हटलं, तर म्हणाले, तो कोरडा आहे, त्याची बाटली घरी भरायची. मी म्हटलं, खात्यात सव्वीस वर्षं काढलेला माणूस एक घरी भरतो, तर मी बाकीच्या फाटकावर भरल्या म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

बाईने पुढे होऊन खोक्यातली बारा नंबरची बाटली उचलली.

"आणि ती बाटली आदल्या दिवशी भरून, उघडी करून खिडकीत ठेवायची, असंही म्हणाले होते. कशासाठी ते काही सांगितलं नाही. मला वाटलं, असेल काही जुन्या माणसांची पद्धत. कोण करत बसतंय?"

बाईला मात्र कशासाठी ते सांगावं लागलं नाही. उघड्या बाटलीतलं क्लोरीन रात्रभरात उडून जातं. घरच्या नळाचं पाणी खिडकीत बसल्या बसल्या टेकडी चढून येतं, फिकट, दमलेलं, अगदी बारा नंबरसारखं. कंपनीच्या माणसाला लबाडी नीट जमली नव्हती म्हणून ती पकडली गेली. घरच्या माणसाला जमली होती. अकरा वर्षं ती बाटली तिच्या डोळ्यांसमोर, तिच्याच खिडकीत उभी होती, आणि तिला काळजी होती पालीची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिने दार उघडलं आणि हेल्मेटला जाऊ दिलं.

संध्याकाळी तिने काळी बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. नवरा पाणी प्यायला आला, त्याने ती पाहिली, आणि पेला तसाच ओट्यावर ठेवला.

"कुठली?"

"लेकीच्या मोरीतली."

तो पाटावर बसला. गुडघा खरंच दुखत असावा, कारण बसताना तो कण्हला.

"तीनदा लिहून दिलं होतं मी," तो म्हणाला. "नळ तुटला म्हणून. तेव्हाचे साहेब म्हणाले, यादीत बारा आहेत, अकरा बाटल्यांचा रिपोर्ट वर गेला तर चौकशी लागेल. नवा नळ बसेपर्यंत भागव कसंतरी. दोन आठवड्यांसाठी म्हणून सुरू केलं गं. मग कोणी विचारलंच नाही."

"आणि मी?"

"तू तर सही करायचीस. शहाणी पोर म्हणायचीस तिला. तुला काय सांगू?"

बाईला रडू आलं नाही, राग आला. तो नवऱ्याचा किती आणि स्वतःचा किती, हे तिला वेगळं करता येईना. आठ महिने ती कंपनीच्या नावाने बोटं मोडत होती. कुंपणच शेत खातं म्हणत होती. आपलं कुंपण अकरा वर्षांपूर्वीच मोडून पडलं होतं, आणि आपण त्यावर दर शनिवारी सही करत होतो.

"लेकीने तिथे घर घेतलं, तेव्हा तरी बोलायचं!"

"फिल्टर दिला ना मी तिला."

"लेकीला फिल्टर दिलात," बाई म्हणाली. "बाकीच्यांच्या लेकींना काय दिलंत?"

 बाईने रिपोर्टचा कोरा कागद टेबलावर पसरला आणि बारा नंबरच्या रकान्यात, नेहमी 'पिण्यायोग्य' लिहायची तिथे, बारीक अक्षरात लिहायला घेतलं. हा नळ अकरा वर्षं कोरडा आहे. या नंबराखाली दिलेले सगळे रिपोर्ट खोटे आहेत, त्यांवर सही माझी आहे. कंपनीने आणलेल्या बाकीच्या बाटल्याही एकाच नळाच्या आहेत. शेवटच्या वसाहतीतल्या घरातलं पाणी रविवारी तपासलं, ते दूषित आहे. उकळल्याशिवाय कोणीही पिऊ नये. खाली तिने सही केली आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला.

"इथे 'नमुना घेणारा' असा रकाना आहे. अकरा वर्षं खोट्याखाली सही केलीत. आता एकदा खऱ्याखाली करा."

"पेन्शन अडकवतील," तो म्हणाला. "तुझी नोकरीही जाईल. प्रयोगशाळा कंपनीला द्यायला त्यांना निमित्तच मिळेल. म्हणतील, बघा, खात्याचे लोकच चोर."

"म्हणतील. खोटं कुठे आहे?"

त्याने चष्मा लावला आणि कागद वाचून काढला. मग त्याने सही केली, पूर्ण नावाची, जशी तो लग्नाआधी करायचा तशी.

शनिवारी सकाळी एक प्रत साहेबाच्या टेबलावर ठेवून दोघं शेवटच्या वसाहतीची टेकडी चढले. नवरा दोनदा थांबला. शाळेच्या भिंतीपाशी आल्यावर बाईने त्याला निळा नळ दाखवला. त्याने हात लावला नाही, नुसता पाहिला.

लेक नेहमीसारखी डिंकाची बाटली घेऊन फलकापाशी उभी होती. "दोघं कसे आज?" म्हणत तिने कागद घेतला आणि सवयीने आधी खालची सही पाहिली. मग वरचं वाचलं. वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचलं.

"बाबा, म्हणजे फिल्टर ह्यासाठी होता?"

त्याने मान हलवली.

"मी काकूंच्या सुनेला सांगितलं होतं, पी म्हणून," लेक म्हणाली. "ती उकळत होती. मी म्हटलं, कशाला गॅस जाळतेस, माझ्या आईची सही आहे."

बाई पुढे झाली, पण लेकीने हातानेच तिला थांबवलं. तिने कागदाला डिंक लावला, फलकावर चारी कोपरे नीट दाबले आणि ती घरात गेली. थोड्या वेळाने आली ती पोटापुढे मोठं खोकं धरून, धापा टाकत. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. ते तिने वडिलांच्या हातात दिलं.

"हे काकूंच्या दारात नेऊन ठेवा. आणि कशासाठी आणलंय ते तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार, आईही नाही."

काकूंचं दार वीस पावलांवर होतं. रोज उघडं असणारं दार आज लोटलेलं होतं. आतून कोणीतरी फोनवर हॉस्पिटलात बोलत होतं, मोठ्याने, सारखं "काय म्हणाले डॉक्टर, काय म्हणाले" असं विचारत होतं. बाईला वाटलं, आता हा मागे वळून बघेल. तो वळला नाही. सव्वीस वर्षं बाटल्यांचा खोका धरावा तसं ते खोकं त्याने एका हाताने छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने कडी वाजवली.